भिंतीवरचा पडदा कोणाचा?

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा टीव्ही ही मूठभरांच्या दिवाणखान्यातली वस्तू होती. तो घरात ठेवायला सरकारी परवाना लागे. आपल्या वस्त्यांत तो कित्येक वर्षांनी आला, तोही आधी समाजमंदिरात किंवा हप्त्यावर घेतलेल्या एखाद्याच घरात. शनिवारच्या मराठी सिनेमाला अख्खी चाळ तिथे लोटायची. गावात मात्र पाटलाच्या घरचा टीव्ही अंगणात बसून, नाहीतर खिडकीच्या गजांतून पाहावा लागे, हे आमच्या पिढीला कोणी सांगायला नको. यंत्र नवे आले, बसायची जागा मनूच्या काळातलीच राहिली!

१९८२ च्या एशियाडबरोबर पडद्यावर रंग आले. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी 'रामायण' आले, पुढच्या वर्षी 'महाभारत'. सर्वांच्या पैशावर चालणाऱ्या सरकारी वाहिनीने कोणाच्या कथा घराघरांत पोहोचवल्या, हे देशाने पाहिले. त्याचे राजकीय पीक कोणी कापले, तेही पाहिले. बाबासाहेबांच्या वाट्याला बहुतेक वेळा १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या बातम्यांतले काही क्षण यायचे.

१९९५ साली क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. निकाल चांगला होता. प्रत्यक्षात काय झाले? केबलवर दिसायचे तर केबलवाल्याला पैसे मोजा. दूरदर्शनच्या फ्री डिशवर जागा हवी तर लिलावात कोट्यवधींची बोली लावा. चळवळीच्या वाहिन्या वर्गणीवर आणि भीमजयंतीच्या जाहिरातींवर चालणार, त्यांनी ही बोली कुठून लावायची? सार्वजनिक मालमत्तेवर खिसा जड असणाराच बसला.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि आपल्या पोरांनी मोबाईलवरून वाट काढली. वाहिनीचा मालक नाही, संपादक नाही. गावात अत्याचार झाला की प्रस्थापित वाहिन्यांच्या आधी यूट्यूबवर त्याचे चित्रण येते. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा सोहळा आज खेड्यातली म्हातारी नेट जोडलेल्या टीव्हीवर घरबसल्या पाहते. याचा आनंद आम्हाला आहेच, तो का नसावा?

पण हा नवा स्मार्ट टीव्ही जरा नीट पाहा. चालू केल्यावर पहिल्या पानावर काय दिसणार, हे कंपनी ठरवते. ती जागा विकली जाते. रिमोटवरची ठराविक कंपन्यांची बटणेसुद्धा पैसे घेऊन बसवलेली असतात. लहरी सार्वजनिक आहेत म्हणून न्यायालयात जाता आले. या पहिल्या पानावर हक्क सांगायला कोणत्या न्यायालयात जायचे?

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. पूर्वी आपण टीव्ही पाहायचो, आता टीव्ही आपल्याला पाहतो. अनेक सेटमध्ये एक यंत्रणा असते. ती पडद्यावरच्या चित्राचे किंवा आवाजाचे नमुने ठराविक अंतराने घेऊन कंपनीच्या साठ्याशी ताडून पाहते. केबलचा डबा लावलेला असला तरी तिला काय चालू आहे ते कळू शकते. अमेरिकेत विझिओ या कंपनीने १ कोटी १० लाख सेटवरून, प्रेक्षकांची संमती न घेता, अशी माहिती गोळा केल्याचा आरोप सरकारी यंत्रणेने ठेवला. २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. आपल्याकडे डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला कंपन्यांना आणखी १८ महिने मिळाले.

"आमच्या घरात लपवण्यासारखे काय आहे?" असे कोणी म्हणेल. अहो, ज्या घरात ६ डिसेंबरला दिवसभर चैत्यभूमी चालू असते आणि वैशाख पौर्णिमेला बुद्धवंदना लागते, त्या घराची जात विचारावी लागते काय? शहरात भाड्याची खोली मिळवताना आडनाव लपवणारी माणसे आपल्यात आहेत. त्यांच्या घरातला पडदा ही नोंद परस्पर कोणाच्या तरी हाती देतो, आणि ती पुढे कोण विकत घेईल याचा पत्ता नाही.

दुकानातला माणूस टीव्ही बसवायला आला की भराभर 'सहमत'चे बटण दाबत जातो. त्या वेळी रिमोट आपल्या हातात घ्या. सेटिंगमध्ये गोपनीयतेच्या पानावर 'व्ह्यूइंग इन्फॉर्मेशन', 'लाइव्ह प्लस' अशा गोंडस नावांखाली हा प्रकार दडलेला असतो. तो बंद करता येतो आणि टीव्ही नेहमीसारखाच चालतो. वस्तीतल्या मंडळाची दोन शिकलेली पोरे रविवारी विहारातली वंदना झाल्यावर घरोघर फिरली, तर एका सकाळीत अख्ख्या गल्लीचे काम होईल.