कोरांडर्क : अर्जदारांची वसाहत

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या ईशान्येस, हीलझ्विल गावालगत, यारा नदीच्या खोऱ्यात कोरांडर्क नावाची जी वसाहत 1863 मध्ये उभी राहिली, तिची स्थापना कोणा धर्मोपदेशकाच्या अथवा अंमलदाराच्या मर्जीने नव्हे, तर तेथील कुलिन आदिवासींच्या स्वतःच्या निर्धाराने झाली. 1835 पासून गोऱ्या मेंढपाळांनी त्यांचा मुलूख व्यापला होता. 1859 मध्ये अकेरॉन नदीकाठी त्यांनी मागून घेतलेली जमीनही पुढे त्यांच्या हातून गेली. तेव्हा सायमन वोंगा आणि त्याचा चुलतभाऊ विल्यम बराक यांच्या पुढारीपणाखाली, जॉन ग्रीन या स्कॉटिश धर्मसेवकासह, ही मंडळी ब्लॅक स्परचा डोंगर ओलांडून या खोऱ्यात उतरली. 1863 च्या मे महिन्यात, ब्रिटनच्या राणीच्या वाढदिवसाच्या दरबारी, त्यांनी गव्हर्नर बार्कली यांच्यापुढे स्वहस्ते केलेली शस्त्रे आणि विणलेल्या टोपल्या नजर केल्या. आणि जूनअखेरीस 2,300 एकर जमीन राखून ठेवल्याचा हुकूम निघताच, ही खुद्द राणीची सनद आहे अशी त्यांची दृढ श्रद्धा झाली.

त्या श्रद्धेस त्यांनी श्रमाची जोड दिली. जंगल तोडून घरे बांधली, शाळा चालविली, गहू व भाजीपाला पिकविला. स्त्रियांनी विणलेल्या टोपल्यांना बाहेर गिऱ्हाईक मिळाले. आपसांतील तंटे रहिवाशांनीच पंचायत भरवून तोडावेत, हा ग्रीनचा शिरस्ता होता. पुढे बीअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सची लागवड झाली. उंच खांबांवर वेल चढवावेत, फुलोरा पिकला की बायकामुलांसह साऱ्यांनी तो खुडावा, मग भट्टीच्या उबेवर वाळवावा, असे हे कष्टाचे काम; आणि त्यात त्यांनी इतके प्रावीण्य मिळविले की 1881 मध्ये मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांच्या हॉप्सला पहिले बक्षीस मिळाले. मात्र उत्पन्न सरकारच्या आदिवासी संरक्षण मंडळाकडे जमा होई, आणि राबणाऱ्यांच्या पदरी मजुरी म्हणून फारच थोडे पडे.

जी जमीन त्यांनी सुपीक केली, तिच्यावरच आता इतरांची नजर गेली. 1874 मध्ये वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या ग्रीनला पदावरून दूर व्हावे लागले आणि वसाहत मोडून लोकांना अन्यत्र हलविण्याचे घाटू लागले. यावर कोरांडर्ककरांनी शस्त्र उचलले नाही. त्यांनी अर्ज लिहिले. बराक मजकूर सांगे, वसाहतीतलाच थॉमस डनॉली तो कागदावर उतरवी, आणि पुढे बराक आपल्या मंडळींसह मैलोगणती पायपीट करून मेलबर्नला जाई व मंत्र्यांची गाठ घेई. परिणामी 1881 मध्ये सरकारी चौकशी बसली, तीत आदिवासी स्त्रीपुरुषांनी स्वमुखाने साक्षी दिल्या, आणि 1884 मध्ये ही जमीन कायमची राखीव ठरली.

परंतु कागदावर जमीन सुरक्षित ठेवून माणसेच हलविण्याची युक्ती 1886 च्या कायद्याने साधली. मिश्र वंशाच्या धडधाकट तरुणांना वसाहती सोडणे भाग पडले. नांगर धरणारे हात गेले, कुटुंबे दुभंगली, आणि मजुरांवाचून शेती ओस पडू लागताच त्याच सबबीवर 1893 मध्ये निम्मी जमीन काढून घेण्यात आली. बराक 1903 मध्ये निवर्तला; अखेरच्या वर्षांत त्याने काढलेली आपल्या लोकांच्या नृत्यसोहळ्यांची चित्रे आज संग्रहालयांत आहेत. 1924 मध्ये वसाहत बंद करून बहुतेकांना लेक टायर्स येथील दुसऱ्या आदिवासी वसाहतीत नेण्यात आले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेली जमीनही परतलेल्या सैनिकांना वाटली गेली.

1990 च्या दशकाच्या अखेरीस या भूमीचा सुमारे 200 एकरांचा तुकडा मूळ रहिवाशांच्या वंशजांकडे परत आला. आदिवासींना शेती जमत नाही, कारभार जमत नाही, असे म्हणणाऱ्यांना कोरांडर्कचे दफ्तर पुरेसे उत्तर आहे: तेथील लोकांनी शेतीही यशस्वी केली आणि राज्यकर्त्यांच्याच कायद्याच्या भाषेत त्यांच्याकडे न्यायही मागितला; वसाहत बुडाली ती त्यांच्या अपात्रतेमुळे नव्हे, तर त्यांची पात्रता सहन न झालेल्या सत्तेमुळे.