लवादाची आकडेवारी आणि वाराणसीचा निर्यातदार

वाराणसीच्या बनारसी साड्यांना २००९ मध्ये व शेजारच्या भदोहीच्या हातविणीच्या गालिच्यांना २०१० मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. मात्र परदेशी ग्राहकाने माल नाकारल्यास तंटा कोठे सोडवावयाचा, हे करारातील लवादविषयक कलम ठरविते. आणि नेमके तेच घाईने वाचले जाते.

सिंगापूर आंतरराष्ट्रीय लवाद केंद्राकडे २०२० मध्ये १,०८० नवी प्रकरणे आली. परदेशी पक्षकारांत भारतीयांची संख्या सर्वाधिक, म्हणजे ६९० होती. पुढच्याच वर्षी नवी प्रकरणे ४६९ वर आली. यावरून व्यापारी तंटे निम्म्याहून घटले, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. एकाच व्यवहारातील अनेक करारांवर स्वतंत्र प्रकरणे दाखल झाली की आकडा फुगतो. शिवाय एका प्रकरणात अनेक पक्षकार असू शकतात.

लवादांमधील विविधतेचे आकडेही असेच पारखून घ्यावे लागतात. पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या प्रकरणांत महिला लवादांचे प्रमाण २०१५ मधील १०.४ टक्क्यांवरून २०२० मध्ये २३.४ टक्क्यांवर गेले. ही वाढ स्वागतार्ह खरी; परंतु गणना नियुक्त्यांची असते, व्यक्तींची नव्हे. एकाच विदुषीची पाच प्रकरणांत नेमणूक झाली, तर ती पाचदा मोजली जाते.

गालिच्यांच्या लहानशा मागणीसाठी सिंगापूरचा खर्च परवडणे कठीणच. मुंबई आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र २०१६ मध्ये स्थापन झाले आहे. पण त्याचे नाव करारातच घालावयास हवे. तंटा उद्भवल्यावर त्यास समोरचा पक्ष क्वचितच संमती देतो.