गारगोटीचे टोक, लांबचा नेम

बेलपाडा मेट्रो स्थानकातून खारघरच्या डोंगराकडे पाहिले की काळा कातळ दिसतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला हा बेसॉल्ट. अशा खडकाच्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक यांसारखे कठीण दगड तयार होतात. नेमका घाव घातला की त्यांची धारदार कपची निघते. लोखंड येण्याआधी हजारो वर्षे माणसाची सुरी, तासणी आणि भाल्याचे टोक अशाच दगडांचे होते. खाडीपलीकडे कांदिवली परिसरात के. आर. यू. टॉड यांनी १९३० च्या दशकात अशा अश्मयुगीन हत्यारांची नोंद केली.

सुरुवातीची हत्यारे मूठभर आकाराची होती. पुढे ती लहान होत गेली. नखाएवढ्या कपच्यांना अभ्यासक ‘सूक्ष्मास्त्रे’ म्हणतात. लाकडाच्या किंवा हाडाच्या दांड्याला खाच पाडून त्या राळेने चिकटवायच्या; एखादी तुटली तर तेवढीच बदलायची. फेकायच्या शस्त्राचा मोठा फायदा म्हणजे अंतर. जनावराच्या शिंगांच्या टप्प्यात न जाता शिकार करता येऊ लागली.

पण प्रत्येक टोकदार कपची बाणाचीच असते असे नाही. सूक्ष्मदर्शकाखाली फरक कळतो. वेगाने आदळलेल्या टोकाला विशिष्ट तडे जातात. कातडे तासणाऱ्या कपचीची धार मात्र झिजून गोलसर होते.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे येथे एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात दगडी पात्यांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघा कोरलेला तुकडा सापडला. त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. शहामृग आज भारतातून नामशेष आहे. पण तो येथे होता, याला हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये जुन्या कवचांतील डीएनएवरून दुजोरा दिला. तरीही कवचावरून पक्ष्याची शिकार सिद्ध होत नाही. अंडी नुसती उचलूनही आणता येतात.

गोदावरीकाठी कालेगावला नामशेष रानबैलाचे, म्हणजे ‘बॉस नमाडिकस’चे, अवशेष आणि दगडी हत्यारे नदीच्या गाळात मिळाली. तिथेही हाच प्रश्न येतो. पूर दोन ठिकाणच्या वस्तू एकत्र आणू शकतो. हाडावर कापल्याच्या खुणा किंवा रुतलेले टोक दिसले, तरच शिकारीचा दावा भक्कम होतो.

म्हणूनच वस्तूइतकीच तिची जागा महत्त्वाची असते. पायाच्या खोदकामात किंवा डोंगरउतारावर अशी कपची दिसली तर ती खिशात टाकू नये. तेथेच राहू देऊन फोटो काढावा, ठिकाण लिहून ठेवावे आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे. कपची कोणत्या थरात आणि कशाच्या शेजारी पडली होती, ही माहिती एकदा गेली की प्रयोगशाळेतही परत मिळत नाही.