लहान कारखानदार आणि सरकारी निविदा

सरकारी कंत्राट म्हणजे वशिल्याचा मामला, असे म्हणून पुष्कळसे लहान कारखानदार निविदेच्या वाटेसच जात नाहीत. वस्तुतः २०१२ च्या खरेदी-धोरणाने केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रम यांच्या वार्षिक खरेदीतील काही हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी राखला. २०१८ साली तो २० टक्क्यांवरून २५ टक्के झाला.

बेळगावच्या उद्यमबागेतील एखादी यंत्रशाळा घ्यावी. मालकाने प्रथम ‘उद्यम’ नोंदणी करावी. ती विनामूल्य आहे, दलालाची गरज नाही. तिच्यामुळे बयाणा रक्कम माफ होते. समजा, एखाद्या मोठ्या कंपनीचा दर सर्वांत कमी, म्हणजे १०० रुपये आहे आणि याचा ११२. फरक १५ टक्क्यांच्या आत असल्याने, १०० रुपयांस माल देण्याची तयारी असल्यास पुरवठ्याचा चौथा हिस्सा त्यास मिळू शकतो. मात्र वाहतूक, तपासणी आणि अडकलेल्या भांडवलाचे व्याज धरून तो दर परवडतो काय, हा हिशेब निविदा भरण्यापूर्वीच झाला पाहिजे. पुष्कळांची फसगत होते ती येथेच!

२००६ च्या कायद्याप्रमाणे बिलाची रक्कम फार तर ४५ दिवसांत मिळावयास हवी. एरवी बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होते. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. सबब पोचपावतीवर तारीख अवश्य घालून घ्यावी.