गाडीचे दुखणे नेमके कोठे?



डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी असलाच पाहिजे, हे अनुमान आपल्याकडे न्यायशास्त्राच्या पहिल्या धड्यात सांगतात. मी तर्कशास्त्राचा अध्यापक. हे उदाहरण वर्गात कितीदा सांगितले असेल, त्याला गणती नाही. पण व्यवहारात मामला इतका सरळ नसतो. पुष्कळदा लक्षण एक असते नि त्याची कारणे तीन-चार असतात. त्यांतले खरे कोणते, हे न ओळखता माणूस हातात पाना घेतो आणि मग पैसाही जातो, वेळही जातो.

याचे उदाहरण म्हणून आज एका मोटारगाडीविषयी बोलणार आहे. गाडी फ्रान्सची. आपल्या गावच्या रस्त्यावर ती दिसण्याचा संभव फार थोडा. पण तिच्या पोटात दाबाचे तेल जे काम करते, तेच तुमच्या ट्रॅक्टरची ट्रॉली उचलणारे तेल करते. शिवाय पास्कल आणि बॉइल यांचे नियम शिकवणाऱ्या गुरुजींनाही यात सांगण्याजोगे काही सापडेल.

सामान्य मोटारीत चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये पाटे किंवा स्प्रिंगा असतात. सित्रोएन कंपनीने १९५५ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात ‘डीएस’ नावाची गाडी मांडली. तिला स्प्रिंगाच नव्हत्या! प्रत्येक चाकापाशी लोखंडाचा एक पोकळ गोळा होता. गोळ्यात रबरी पडदा, पडद्याच्या एका अंगाला नायट्रोजन वायू आणि दुसऱ्या अंगाला तेल. चाक खड्ड्यातून वर उसळले की तेल पडद्यावर रेटा देते, वायू आकसतो नि पुन्हा फुलतो. हाच त्या गाडीचा पाटा. ही योजना पॉल माजेस या तंत्रज्ञाची.

यातले मर्म ध्यानात ठेवा. तेल दाब पोचवते, पण स्वतः दबत नाही म्हटले तरी चालेल. दबतो तो वायू. गुरुजींनी वर्गात सुई काढलेली सिरिंज घ्यावी. तोंडावर बोट ठेवून आधी हवा दाबून पाहावी, मग पाणी भरून दाबावे. हवा लवचीक लागेल, पाणी दगडासारखे. गोळ्यातला वायू निघून गेला तर गाडीची गत त्या पाणी भरलेल्या सिरिंजेसारखी होते.

पुढे १९८९ साली ‘एक्सएम’ नावाची गाडी आली, तेव्हा या तेलाच्या कारभारावर विजेचा मुनीम बसला. हा मुनीम म्हणजे छोटा संगणक. सुकाणूचे चाक किती वळले, ब्रेक किती दाबला, वेग किती, गाडीचे अंग किती हलले, ही सारी वर्दी त्याला तारांवाटे मिळते. पुढच्या आणि मागच्या आसाला एकेक जादा गोळा दिलेला असतो. संगणकाने विजेची झडप उघडली की तो गोळा कामात येतो नि गाडी मऊ चालते. झडप मिटली की तो गोळा बाजूला पडतो नि गाडी कडक होते. १९९३ ची ‘झांटिया’ हीही याच वळणाची; तिच्या वरच्या प्रकारांत हा मुनीम असे. येथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. झडपेला वीज मिळाली तर गाडी मऊ, न मिळाली तर कडक. वीज तुटली तरी वळणावर गाडी डोलू नये, म्हणून बांधणाऱ्यांनी मुद्दामच तशी व्यवस्था केली.

आता समजा, मालक तक्रार घेऊन आला, ‘गाडी फार कडक चालते, खड्डा थेट कमरेला लागतो.’ हा झाला धूर. अग्नी कोठे? वायूत, तेलात, विजेत, का एखाद्या गंजलेल्या दांडीत?

जाणता मिस्त्री आधी काहीही उघडत नाही. पहिल्याने तो तेल पाहतो. इंजिन चालू ठेवून, गाडी सर्वांत वरच्या उंचीवर नेऊन मगच टाकीतली पातळी बघायची. या दोन्ही गाड्यांचे तेल खनिज जातीचे नि हिरवे असते. ते काळपट झाले असेल तर गाळण्या तुंबल्या असण्याचा संभव आहे.

दुसऱ्याने तो ऐकतो. पंपाने दाब १७० बारच्या आसपास नेला की नियामक ‘टक्’ असा आवाज करून पंपाचे ओझे काढतो, आणि दाब १४५ च्या सुमारास उतरला की पुन्हा लावतो. मोटारीच्या टायरात साधारण २ बार हवा असते, त्यावरून या दाबाचा अंदाज करा. निरोगी गाडी स्वस्थ उभी असली तर दोन टकटकींच्या मध्ये अर्धे मिनिट किंवा अधिकही जाते. दर दोन-तीन सेकंदांनी टकटक होऊ लागली, तर दाब साठवणाऱ्या मुख्य गोळ्यातला वायू सरला आहे, नाही तर तेल कोठे तरी झिरपते आहे.

तिसऱ्याने तो विचारतो, ‘कडक कोठे आहे? एका चाकाशी, एका टोकाला, का सगळ्या गाडीला?’ या एका प्रश्नात अर्धे निदान आहे. एकच चाक कडक असेल, तर बहुधा त्या चाकाचा गोळा गेला. पुढचे किंवा मागचे सबंध टोक कडक असेल, तर त्या टोकाचा जादा गोळा किंवा त्याची झडप पाहावी. एक टोक भलतेच उंच किंवा खाली बसलेले असेल, तर उंची राखणाऱ्या झडपेची दांडी गंजली किंवा वाकली असेल. सगळीच गाडी कडक असेल, तर संशय संगणकाकडे, विजेकडे, अथवा एकाच वेळी म्हाताऱ्या झालेल्या सगळ्या गोळ्यांकडे जातो.

मग वीज का वायू, हे कसे ठरवावे? त्याची युक्ती गंमतीची आहे. गाडी बंद करून काही मिनिटे तशीच राहू द्यावी. मग दार उघडावे. दार उघडताच संगणक जागा होतो नि थोडा वेळ झडपांना वीज देतो. तेवढ्यात डिकीवर किंवा बॉनेटवर दोन्ही हातांनी भार द्यावा. गाडी आता गादीसारखी दबली, पण रस्त्यावर मात्र कडक चालत असली, तर वायू ठीक, झडपही ठीक. चूक वर्दी देणाऱ्या संवेदकांत किंवा त्यांच्या तारांत शोधावी. आताही दगडासारखी राहिली, तर झडपेवर बोट ठेवून दुसऱ्याला दार उघडायला सांगावे. झडप आतून ‘टिक्’ करते, तरी गाडी कडक, मग बहुधा वायू गेला. झडप गप्पच राहिली, तर फ्यूज, तार, जोड आणि झडपेचे वेटोळे मीटर लावून तपासावे.

तुम्ही म्हणाल, ‘संगणक आहे ना? त्यालाच विचारावे!’ जरूर विचारावे. तो आपल्या वहीत दोष टिपून ठेवतो नि कारखान्यातले यंत्र ती वही वाचते. पण ज्याची वर्दी त्याला मिळते, तेवढेच त्याला कळते. गोळ्यातला वायू मोजणारी तार या गाड्यांत नाहीच. पडद्यातून वायू वर्षानुवर्षे हळूहळू झिरपून गेला, तरी वही कोरीच राहते. आणि वहीत ‘सुकाणूचा संवेदक’ असे लिहिलेले असले, तरी तो संवेदक मेला असे सिद्ध होत नाही. कदाचित त्याच्या जोडाला नुसता गंज चढलेला असेल. वहीतली नोंद ही साक्ष आहे. निकाल देणे माणसाचे काम.

हे सारे पैसा वाचवण्यापुरते आहे, असे मात्र समजू नका. एक्सएम आणि झांटिया या गाड्यांत ब्रेकलाही हाच दाब पुरवलेला असतो. वेगाने होणारी टकटक दुर्लक्षून चालणे म्हणजे ब्रेकशी खेळणे होय. या हिरव्या तेलाच्या जागी साधे ब्रेकचे तेल ओतले तर आतली सारी रबरे बिघडतात. दाब उतरला की गाडी जमिनीकडे बसते, म्हणून भक्कम टेकू दिल्यावाचून तिच्याखाली कधीही शिरू नये. आणि दाब सोडून दिल्याशिवाय कोणताही जोड ढिला करू नये.

यातली शेवटची गोष्ट तुमच्या अंगणातल्या ट्रॅक्टरलाही लागू आहे. नळीला सुईएवढे भोक पडले नि आत दाब असला, तर तेलाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम दिसते टाचणीएवढी, दुखतही नाही फारसे. पण आत गेलेले तेल मांस सडवते आणि बोट, प्रसंगी हात गमावण्याची पाळी येते. म्हणून गळती कधीही हाताने चाचपू नका. लांबून पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहा. धार लागलीच, तर ‘काही नाही, टोचले जरासे’ म्हणून घरी बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना ‘दाबाचे तेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगा.

सित्रोएनने ही तेला-वायूची रचना २०१७ पर्यंत चालवली. आता नव्या गाड्यांत ती मिळत नाही, तिला जाणणारे मिस्त्रीही थोडे उरले. पण तिने शिकवलेला क्रम जुना होण्यासारखा नाही. आधी पाहावे, मग ऐकावे, मग विचारावे. एकेक कारण वगळीत जावे, आणि पाना शेवटी हाती घ्यावा. शेतातला पंप बंद पडो, रेडिओ मुका होवो, की वर्गातल्या मुलाचे गणित चुको, दुखणे जेथे दिसते तेथेच ते असते असे नाही. एवढे सांगून आपली रजा घेतो.