कावीळ उतरली, आता मैदानावर कधी?

दोस्तांनो, कावीळ झालेल्या मुलाला दोन बाजूंनी सल्ले मिळतात. आजी म्हणते, "महिनाभर हलायचं नाही, पडून राहायचं!" आणि डोळ्यांतला पिवळेपणा जरा कमी झाला की खालून मित्रांच्या हाका सुरू होतात, "अरे, बरा झालास ना? मग चल की खेळायला!" ऐकायचं कुणाचं? गंमत अशी, की दोघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे. कसं ते पाहू या.

थकवा येतो कुठून?

मुलांना होणारी कावीळ बहुतेक वेळा 'हिपॅटायटिस ए' नावाच्या विषाणूमुळे होते. दूषित पाणी, उघड्यावरचं खाणं आणि न धुतलेले हात ही त्याची वाहनं! पोटात शिरल्यावर साधारण चार आठवड्यांनी तो आपला हिसका दाखवतो. त्याचा मुक्काम असतो यकृतात, म्हणजे पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड.

आपल्या रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडतात, तेव्हा बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. निरोगी यकृत तो पित्तावाटे बाहेर टाकतं. यकृतच आजारी पडलं, की तो रक्तात साठतो. मग डोळे पिवळे आणि लघवी गडद पिवळी!

या विषाणूला मारणारं खास औषध नाही. लढाई करायची ती शरीराच्या स्वतःच्या सैन्यानेच. हे सैन्य लढताना काही रसायनं सोडतं. ती मेंदूला निरोप देतात, 'सध्या खेळ बंद, धावपळ बंद, झोप काढा!' म्हणजे आजारपणातली मरगळ हा आळस नव्हे, तो शरीराचाच हुकूम असतो.

झोपेत काम चालू

आपण झोपतो, पण आपलं सैन्य झोपत नाही. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी 2003 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही तरुणांना त्यांनी याच काविळीची लस टोचली. त्या रात्री काहींना छान झोपू दिलं आणि काहींना रात्रभर जागं ठेवलं. चार आठवड्यांनी रक्त तपासलं, तर झोपलेल्यांच्या रक्तात विषाणूशी लढणारी प्रतिद्रव्यं जवळजवळ दुप्पट! एका रात्रीच्या झोपेने एवढा फरक पडला.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना एरवीही रोज नऊ ते बारा तास झोप लागते आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास. आजारातून उठताना याहून जास्त झोप आली, तर खुशाल झोपा. मात्र उशाशी मोबाइल नको!

मग नुसतं लोळायचं?

नाही! पूर्वी डॉक्टरही काविळीच्या रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवत. कोरियातल्या युद्धाच्या काळात (1950 ते 1953) अनेक अमेरिकन सैनिकांना कावीळ झाली. जपानमधल्या क्योतो शहरात त्यांच्यावर उपचार झाले. तिथे थॉमस चामर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही सैनिकांना सक्तीने झोपवून ठेवलं, तर काहींना मनाप्रमाणे उठू-फिरू दिलं. 1955 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : हिंडणाऱ्यांना बरं व्हायला जास्त दिवस लागले नाहीत!

उलट, उगाच पडून राहण्याचा तोटाच होतो. 1966 साली अमेरिकेतल्या डॅलस इथे पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं गेलं. त्यांची दमश्वासाची ताकद इतकी घसरली, की तीस वर्षांनी त्यांनाच पुन्हा तपासल्यावर कळलं, वयाच्या तीस वर्षांनीही तेवढी घट झाली नव्हती!

पायरी पायरीने चढा

- ताप, उलट्या, मळमळ असेपर्यंत विश्रांतीच.
- भूक लागू लागली, की घरातल्या घरात फिरा. मग अंगणात किंवा गच्चीवर.
- पुढे सपाट रस्त्यावर फेरी मारा. चालताना सहज गप्पा मारता आल्या, तर वेग बरोबर!
- दुसऱ्या दिवशी सकाळी जास्तच गळल्यासारखं वाटलं, तर एक पायरी खाली उतरा. दोन दिवस थांबा, मग पुन्हा चढा.
- शाळा केव्हापासून, हे डॉक्टर सांगतील. कबड्डी, फुटबॉल, शर्यती हे सगळ्यांत शेवटी आणि डॉक्टरांनी पोट तपासून होकार दिल्यावरच. सुजलेल्या यकृताला मार बसता कामा नये.

आई-बाबांनो, इकडे लक्ष द्या

बहुतेक मुलं काही आठवड्यांत ठणठणीत बरी होतात. पण झोपेवर नजर ठेवा. गाढ झोपलेलं मूल हाक मारल्यावर जागं होतं, ओळखतं, नीट बोलतं. याउलट मूल दिवसभर गुंगीत आणि रात्री टक्क जागं राहू लागलं, असंबद्ध बोलू लागलं, सतत उलट्या होऊ लागल्या किंवा नाका-हिरड्यांतून रक्त आलं, तर सकाळची वाट पाहू नका. यकृत निकामी होत असल्याची ही खूण असू शकते. तडक रुग्णालय गाठा. तापाची गोळी असो की झाडपाल्याचं औषध, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नका. औषधाचा भारही यकृतावरच पडतो.

काही जणांची कावीळ काही आठवड्यांनी पुन्हा डोकं वर काढते. अशा वेळी "खेळायला गेलास म्हणून!" असं मुलाला रागावू नका. तो त्या विषाणूचाच खोडसाळपणा असतो. डॉक्टरांना दाखवा, की पुन्हा सुरू करा पहिल्या पायरीपासून.

आणि ज्यांना कावीळ झालेलीच नाही, त्यांनी काय करायचं? पाणी उकळून प्यायचं, जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुवायचे आणि लशीबद्दल डॉक्टरांना विचारायचं. मग मैदान आपलंच आहे!