संकेत एक, तर संवाद

दिवेलागणीची वेळ झाली म्हणजे पुष्कळ घरांत हल्लीं एक चमत्कार घडतो. परदेशीं गेलेली नात हातांतल्या कांचेवर प्रकट होते, आजीला हांक मारते, आणि आजी देवापुढची फुलवात तशीच ठेवून तिच्याशीं बोलूं लागते. नातीचें यंत्र एका देशांत घडलेलें, आजीचें दुसऱ्या. वाटेंतलीं यंत्रें आणखी निराळ्या कारखान्यांतलीं. त्यांचे कर्ते एकमेकांस ओळखतहि नाहींत. मग हीं यंत्रें एकमेकांशीं बोलतात तरी कशीं? ‘तारेंतून’ असें उत्तर देऊन आम्ही पुष्कळ वर्षें वेळ मारून नेली. तें उत्तर अपुरें आहे हें आम्हांस घरांतल्याच एका हानीनें शिकविलें. ती हकीगत पुढें येईलच. आधीं मूळ प्रश्नाकडे वळूं.

तार केवळ विजेचे स्पंद वाहून नेते. स्पंदास स्वतःचा अर्थ नसतो. तो संकेतानें येतो. पाणिनीनें ‘दा’ व ‘धा’ ह्या धातूंस ‘घु’ अशी संज्ञा दिली. ‘घु’ ह्या ध्वनींत देण्याचा किंवा धारण करण्याचा लवलेशहि नाहीं. पण ज्यानें तो संकेत अभ्यासिला त्याला, पुढें जेथें जेथें ‘घु’ येईल तेथें तेथें, नेमका बोध होतो. इतरांस तो घुबडाचा घूत्कार वाटावा. यंत्रांच्या अशाच पूर्वनिश्चित संकेतांना ‘प्रोटोकॉल’ म्हणतात, आणि सर्वांनीं ते मान्य केले म्हणजे त्यांस ‘स्टँडर्ड’ अथवा प्रमाण ही पदवी मिळते.

ह्या संकेतांचा इतिहास फार जुना नाहीं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशानें ‘आर्पानेट’ नांवाचें जाळें उभें राहत होतें. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांतून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला निरोप निघाला. ‘लॉगिन’ हा शब्द धाडावयाचा होता. ‘एल’ आणि ‘ओ’ हीं दोन अक्षरें पोंचलीं व पलीकडील यंत्र बंद पडलें. त्याच वर्षीं ७ एप्रिलला स्टीव्ह क्रॉकर ह्या तरुण विद्यार्थ्यानें संकेतांविषयींचें पहिलें टिपण काढलें होतें. त्या टिपणमालेचें नांव विचार करण्याजोगें आहे: ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे ‘अभिप्रायाची विनंति’. जगांतील यंत्रांना बांधणारे नियम असे विनंतीच्या रूपानें लिहिले गेले, आणि आज त्या मालेंत नऊ हजारांहून अधिक टिपणें आहेत.

पुढें निरनिराळीं जाळीं निघालीं. प्रत्येकाची रीत वेगळी. १९७४ सालीं व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान ह्यांनीं तोड सुचविली कीं, प्रत्येक जाळ्यानें आपल्या घरची रीत खुशाल पाळावी. मात्र उंबऱ्याबाहेर सर्वांनीं एकच रीत धरावी. ती रीत म्हणजे ‘टीसीपी-आयपी’. १ जानेवारी १९८३ रोजीं आर्पानेटनें जुना संकेत टाकून हा नवा स्वीकारला.

ह्याचीं दोन अंगें आहेत. ‘आयपी’चें काम टपालाच्या पाकिटासारखें. प्रत्येक यंत्रास आंकड्यांचा एक पत्ता असतो. पाकिटावर पाठविणाराचा व घेणाराचा पत्ता लिहितात, आणि वाटेंतील प्रत्येक नाकें तो वाचून पाकीट पुढें धाडतें. ‘टीसीपी’चें काम दक्ष कारकुनाचें. मजकुराचे तो तुकडे करतो. एक तुकडा बहुधा १५०० बाइटांहून मोठा नसतो. बोलणें सुरू होण्यापूर्वीं तीन निरोप होतात: ‘बोलूं का?’ ‘बोला; आपणहि ऐकतां ना?’ ‘ऐकतों.’ मग क्रमांक घातलेले तुकडे निघतात, भिन्न वाटांनीं जातात, मागेंपुढें पोंचतात व क्रमानें जुळविले जातात. त्यांची पोंच आली नाहीं तर ते पुन्हां धाडले जातात. सोबत आंकड्यांची बेरीजहि असते. ती चुकली तर तुकडा बिघडला असें समजून टाकून देतात.

आमच्या वैदिकांनीं पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ रचून तींच पदें उलटसुलट म्हणण्याची जी रीत घातली, तिचाहि हेतु हाच कीं, एक स्वर ढळला तरी तो ताबडतोब कानाला खटकावा. मात्र ह्यावरून ‘हें सर्व आमच्या ग्रंथांत होतेंच’ असें म्हणून कोणी मिशांवर ताव देऊं नये. रोग एक असला म्हणजे शहाणीं माणसें दोन ठिकाणीं सारखेंच औषध शोधतात, इतकाच त्याचा अर्थ.

नातीच्या बोलत्या चित्रास बहुधा दुसरा संकेत लागतो. संभाषणांत निसटलेला शब्द मागाहून आणून देण्यांत हंशील नसतें; म्हणून तेथें हरवलेला तुकडा सोडून पुढें जातात. चित्र मधूनच तुटतें तें पुष्कळदां ह्यामुळें.

संकेतांत शिष्टाचारहि येतो. ऑक्टोबर १९८६ मध्यें कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा व तेथील विद्यापीठ ह्यांमधील वाहतूक एकाएकीं कोलमडली. अंतर अवघें ४०० यार्ड. पण सेकंदास ३२,००० बिटांचा वेग ४० बिटांवर उतरला. पोंच आली नाहीं कीं प्रत्येक यंत्र तेंच पुन्हां पाठवी आणि गर्दींत भर पडे. वर्गांत सर्व मुलें एकदम ओरडूं लागलीं म्हणजे होतें तसें. व्हॅन जेकबसन ह्यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलेला उपाय शाळामास्तरास आवडावा असाच आहे: आरंभ हळू करा, पोंच येत राहिली तर वेग वाढवा, आणि तुकडा हरवला कीं आपण होऊन आवरतें घ्या. हा संयम प्रत्येक यंत्र स्वतः पाळतें. वर पहारेकरी कोणी नाहीं.

आतां आमची हानि. आमच्या वडील बंधूंनीं मातोश्रींच्या व गांवांतील वृद्ध स्त्रियांच्या तोंडच्या जात्यावरच्या सुमारें सातशें ओव्या गोळा केल्या आणि १९९६ पासून २००२ पर्यंत त्या संगणकावर स्वहस्तें लिहिल्या. २००९ मध्यें ते निवर्तले. दोन वर्षांनीं आम्हीं ती फाईल नव्या यंत्रावर नेऊन उघडली, तों पडद्यावर रोमन अक्षरें व विचित्र चिन्हें ह्यांचा खच! फाईलचा एकहि बिट हरवला नव्हता. टपाल बिनचूक पोंचलें होतें. वहिनी शेजारीं बसल्या होत्या. त्यांनीं विचारलें, “भाऊजी, एवढें लिहिलेलें गेलें तरी कोठें?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

कारण पुढें कळलें. यंत्र अक्षरें सांठवीत नाहीं, आंकडे सांठवितें. कोणता आंकडा म्हणजे कोणतें अक्षर हाहि संकेतच. त्या काळीं मराठी फॉन्ट करणारा प्रत्येक जण आपापला संकेत चालवी. इंग्रजी अक्षरासाठीं ठरलेल्या आंकड्यावर कोणी ‘क’ बसवी, कोणी काना, कोणी वेलांटी. तो फॉन्ट नसेल तेथें मराठीचा मागमूस राहत नसे. वास्तविक भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ सालीं ‘इस्की’ हें प्रमाण ठरविलें होतें, आणि त्याच वर्षीं ‘युनिकोड’च्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस स्वतंत्र स्थान मिळालें होतें. त्यांत ‘अ’ला २३०९ व ‘क’ला २३२५ हे आंकडे आहेत, आणि ते पुण्यास, लंडनला व टोकियोस एकच. पण प्रमाण असणें निराळें आणि तें घरोघर पाळलें जाणें निराळें. आमच्या बंधूंचें लिखाण म्हणजे सूत्र हरवलेला ‘घु’ होऊन बसलें होतें.

अखेर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मार्ग काढला. बंधूंनीं छापून ठेवलेलीं चाळीस पृष्ठें वहिनींच्या ट्रंकेंत सांपडलीं. तीं फाईलशीं ताडून त्यानें कोणत्या चिन्हास कोणतें अक्षर ह्याचें कोष्टक मांडलें, आणि पांच महिन्यांत ओव्या युनिकोडमध्यें आणल्या. तथापि कांहीं विरळ जोडाक्षरें त्या पृष्ठांत नव्हतीं. तेरा ओव्यांतील शब्द आम्ही अजूनहि छातीठोकपणें वाचूं शकत नाहीं. ज्यांना विचारावें ते आतां नाहींत.

वाचकांस विनंति एवढीच कीं, आपल्या घरीं जुन्या फॉन्टांत लिहिलेला मराठी मजकूर पडून असेल, तर लिहिणारें माणूस आहे तोंवर तो उघडून पाहावा, युनिकोडमध्यें आणावा आणि त्याची छापील प्रत जपून ठेवावी. नवें लिहिणें तर युनिकोडखेरीज करूंच नये.

गेल्या वर्षीं वहिनींनीं त्या ओव्या आपल्या परदेशस्थ नातीस धाडल्या. तिनें त्याच संध्याकाळीं पहिली ओवी आपल्या यंत्रावरून वाचून दाखविली. एक काना चुकला नाहीं. वहिनी आमच्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊजी, आतां पोंचलें हो.”